मदत हवी आहे: मुलीच्या परदेशातल्या फीसाठी बँक घर तारण घेत नाही

दुडू_खंय
मुलीला मास्टर्सची ऑफर आली आहे, डिपॉझिटची तारीख डोक्यावर आहे. बँकेत गेलो तेव्हा 'होऊन जाईल साहेब' म्हणाले, आता त्यांच्या वकिलाचा शेरा आला की घर तारण चालणार नाही. घर गोव्यात, बार्देशात, मोठं, चार पिढ्यांचं. किंमत कर्जाच्या कितीतरी पट. कुठली बँक घेईल तेवढं सांगा. उपदेश नकोत.

राइनकाठचा
एवढं कर्ज कशाला? जर्मनीला पाठवा. सरकारी विद्यापीठांत फी नाही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवायचे, महिन्याला ९९२ हातात येतात. मी असाच शिकलो. एपीएस सर्टिफिकेटचं, म्हणजे इथल्या पदव्या तपासून मिळणाऱ्या दाखल्याचं, मात्र आधी बघा.

फोंड्याची_माई
देश कुठला, रक्कम किती, घर कोणाच्या नावावर? यातलं काहीच न लिहिता बँक कोण सांगणार?

सासष्टीकर
आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यातला असेल ना? मग पोर्तुगीज पासपोर्ट काढा. युरोपियन म्हणून फी कमी पडते. आमच्या वाड्यावर निम्मे गेले.

दुडू_खंय
देश यूके, लेस्टर. ३५ लाखांच्या आसपास. घर आजोबांच्या नावावर आहे, ते १९८९ मध्ये वारले. पण राहतो आम्हीच, घरपट्टी मीच भरतो, सगळ्या गावाला माहीत आहे.

फोंड्याची_माई
@सासष्टीकर, ब्रेक्झिट झालं हो! २०२१ पासून युरोपियन पासपोर्टवर नव्याने जाणाऱ्यांनाही तिथे सहसा आंतरराष्ट्रीय फीच पडते. शिवाय भारतीय नागरिकत्व जाईल ते वेगळं.

सासष्टीकर
माझा भाचा गेला तेव्हा कमीच पडली होती.

फोंड्याची_माई
कधी गेला?

सासष्टीकर
२०१८.

निवृत्त_कॅशियर
बाब, घरपट्टी भरली म्हणून मालकी होत नाही. बँकेचा वकील फॉर्म १ व १४, म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा, बघतो आणि तिथे आजोबांचं नाव आहे. म्हणजे त्यांचे सगळे वारस आले, आणि आपल्या गोव्याच्या कायद्यात वारसांच्या बायका-नवरेही आले. आधी स्पेशल नोटरीकडे वारसाहक्काचं डीड, मग बाकीच्यांचं हक्कसोडपत्र, नाहीतर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कारवाई. एकानेही सही अडवली की इन्व्हेंटरीशिवाय मार्ग नाही, आणि तिथे वर्षं जातात. बँक बदलून उपयोग शून्य, प्रत्येक वकील हेच लिहील. वारस किती, कुठे आहेत?

दुडू_खंय
बाबा आणि दोन काका. बाबा आहेत, सही देतील. एक काका इथेच. धाकटा यूकेत, स्विंडनला, तो फोन उचलत नाही. त्याला वाटतं मी घर बळकावतोय.

निवृत्त_कॅशियर
मग तो नाद सोडा. राजी झाला असता तरी तिथे मुखत्यारपत्र करून इथे आणून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावा, एवढं सगळं आलंच. दुसरं तारण आहे? एफडी, एलआयसी, बायकोच्या नावावर प्लॉट?

वही_खतावणी
आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. आणि बँकेच्या कर्जातून फी पाठवली तर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, नाही, स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांवर पाठवली तर लागतो.

दुडू_खंय
हे मी विचारलं होतं का?

राइनकाठचा
तारणच नको! फायनान्स कंपन्या विनातारण देतात. नाहीतर जर्मनी आहेच.

निवृत्त_कॅशियर
देतात, पण व्याज जास्त, आणि बऱ्याच जणी शिक्षण चालू असतानाच व्याज मागतात. सरकारी बँकेत हप्ता सहसा शिक्षण संपल्यावर आणखी एका वर्षाने सुरू होतो. बापाचा पगार किती हे कळल्याशिवाय 'नकोच तारण' म्हणणं सोपं आहे. आणि फी नाही म्हणे! म्युनिकचं सरकारी तंत्र विद्यापीठ (टीयू) आता परदेशी विद्यार्थ्यांकडून फी घेते.

राइनकाठचा
एका म्युनिकवरून सगळा देश मोजू नका.

फोंड्याची_माई
पर्वरीला गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना आहे, तिथे विचारा. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मामलेदाराकडून आत्ताच काढून ठेवा. सगळी फी त्यात निघणार नाही, पण भार हलका होईल. व्हिसासाठी आणखी एक: स्वतःचे पैसे दाखवायचे तर ते सलग २८ दिवस खात्यात हवेत. मंजूर शैक्षणिक कर्जाचं पत्र असेल तर ती अट नाही. म्हणून कुठून का होईना, मंजुरी आधी मिळवा, मग स्वस्त बँकेत कर्ज फिरवता येतं.

दुडू_खंय
माझ्या बहिणीचा म्हापशात फ्लॅट आहे. तो चालेल?

निवृत्त_कॅशियर
बऱ्याच बँका घेतात. ती जामीनदार होईल. लग्न झालंय ना? मग भावोजींचीही सही लागेल. ते राजी आहेत का, ते आधी बघा.

दुडू_खंय
भावोजींना चतुर्थीत काहीतरी बोललो होतो, अजून धरून बसलेत. बघतो. डिपॉझिट तोवर एफडी मोडून भरतो.

सासष्टीकर
लेस्टरला खोली हवी असेल तर भाचा ओळखतो.