युरिया म्हणे इनऑर्गॅनिक!

रसायनवाला: काल कोणीतरी टाकलंय, "इनऑर्गॅनिक म्हणजे केमिकल, केमिकल म्हणजे विष, उदा. युरिया." चहा कडू झाला वाचून. अहो युरियात कार्बन आहे, तो ऑर्गॅनिक! 1828 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत बनवला तेव्हापासून पोरं हेच शिकतायत. इनऑर्गॅनिक हवंय तर रोजच्या ताटातलं मीठ बघा. द्या सोडून.

बांधावरून: सर तुमची बारावी तुमच्यापाशी ठेवा. आमच्यात सेंद्रिय म्हणजे शेणखत, गांडूळखत, ताग गाडणं. आणि युरिया सेंद्रिय असेल तर एवढी वर्षं उसाला गोण्यांवर गोण्या ओतूनही माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब, म्हणजे तुमचा ऑर्गॅनिक कार्बन, 0.4 टक्केच का येतो, ते सांगा.

रसायनवाला: कारण मातीत युरिया फुटतो, अमोनिया होतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन कार्बन उडून जातो. मुद्दा बरोबर आहे तुमचा, पण शब्द चुकीचाच.

तासगावकर: माझी बाग सेंद्रिय आहे आणि बुरशीसाठी बोर्डो मिश्रण मारतो. मोरचूद नि चुना, दोन्ही इनऑर्गॅनिक, तरी चालतं, फक्त तांब्याला मर्यादा. म्हणजे दोघंही अर्धवट.

मायबोलीकाकू: सारखं काय इनऑर्गॅनिक इनऑर्गॅनिक, निरिंद्रिय म्हणा की! आधी 'स' लावून सेंद्रिय करायचं मग पुढे 'अ' लावून असेंद्रिय, म्हणजे चपलेवर मोजे. दहावीच्या पुस्तकात तर 'कार्बनी संयुगे' करून टाकलंय, सगळा आनंद.

बांधावरून: काकू, निरिंद्रिय मागितलं तर दुकानदार हाकलून देईल. तसाही देतोच. परवा युरियाच्या 2 गोण्या मागितल्या तर म्हणे सोबत कसल्यातरी टॉनिकची बाटली घ्या, नाहीतर स्टॉक नाही. गोणी 50 ची 45 किलो केली ते वेगळंच.

विदर्भातला: लिंकिंग! आमच्याकडं सल्फरची पिशवी गळ्यात मारतेत. टॉनिकच्या बाटल्या अजून गोठ्यात पडल्या आहेत 4.

तासगावकर: पक्कं बिल मागा ना, तक्रार करा.

विदर्भातला: केली होती भाऊ. पुढच्या हंगामात त्यानं ओळखलंच नाही मले. दुसरं दुकान 18 किलोमीटरवर हाय, तुमी सोडता का गाडीनं?

तासगावकर: चिडता कशाला, सुचवलं फक्त.

रसायनवाला: विषय काय, चाललंय काय! बाटलीवर काय लिहिलंय ते तरी बघा, 'ऑर्गॅनिक' छापलं असेल तर माझाच मुद्दा.

विदर्भातला: '100% ऑर्गॅनिक' छापलंय. आत काय हाय देव जाणे, वास फिनेलचा.

मायबोलीकाकू: फिनाईल.

बांधावरून: बरं सर, मानलं, युरिया ऑर्गॅनिक. तासगावकर, उद्या तुमच्या बागेत टाका एक गोणी आणि सर्टिफिकेटवाले आले की सरांना साक्षीला बोलवा.

तासगावकर: सेंद्रिय सर्टिफिकेट मिळण्याआधीची 3 वर्षं कन्व्हर्जनमध्ये काढलीत हो. हात जोडतो.