पॅनला खलनायक करायचं, पण पॅनच काढून टाकायचा?

अजाननबाहू (धागाकर्ता)
(शीर्षकातला पॅन कार्डाचा नाही, शिंगांचा.) कालचा लेख वाचून डोकं फिरलं. त्यातली कथाकल्पना अशी: माणूस जंगलं तोडतो, म्हणून हा ग्रीक निसर्गदेव सैन्य जमवतो, शहरं जाळतो आणि शेवटी जादूच्या तलवारीवाल्या नायकाला गाठून दोन पानं भाषण ठोकतो. खाली 'काय ताकदीचं पात्र!' म्हणणाऱ्यांची रांग. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

अहो, हा ग्रीसमधल्या आर्केडियाच्या डोंगरात शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांचा देव. वाट्याला मांस कमी आलं की तिथली पोरं त्याला रानकांद्याने झोडपायची, ग्रीक कवी थिओक्रिटसच्या सातव्या काव्यात आहे. भक्तांकडून कांद्याचा मार खाणारा अंधाराचा सम्राट?

त्याचं हत्यार एकच, बिनकारणाची भीती; 'पॅनिक' हा शब्द त्याच्याच नावावरून. इ.स.पू. 279 मध्ये ग्रीसमधल्या डेल्फीहून मागे हटलेल्या गॉल टोळ्यांच्या सैन्याचं काय झालं ते ग्रीक प्रवासलेखक पौसेनियसने लिहिलंय. रात्रीचा तळ. आधी मोजक्याच लोकांना घोड्यांच्या टापा ऐकू येतात. मग वेड पसरतं, आपल्याच माणसाची भाषा कळेना, ढाल ओळखू येईना, समोरचा ग्रीकच वाटतो. सकाळपर्यंत आपसात कापाकापी. टापा कुणाच्या? कुणाच्याच नाहीत. तुम्ही त्याला 'पर्यावरणाचा सूड' असं कारण चिकटवलंत की पॅन तिथेच संपला.

कडवट_कॉफी
कालचा लेख माझाच, म्हणून बोलतो. बिनकारणाच्या भीतीवर एक प्रसंग चालतो, चारशे पानं नाही. नायकाने लढायचं कशाशी? टापांशी?

अजाननबाहू
हो, टापांशीच! आणि उपायही तयार आहे. ग्रीक युद्धलेखक ईनिअस टॅक्टिकसने इ.स.पू. चौथ्या शतकात वेढ्यावरच्या ग्रंथात लिहून ठेवलाय: जागा सोडायची नाही, 'हे पॅनिक आहे' असं ओरडून शेजाऱ्याला सांगायचं. लेखक झेनोफन ज्यांच्यात होता त्या दहा हजार भाडोत्री ग्रीक सैनिकांत इ.स.पू. 401 मध्ये रात्री अशीच पळापळ झाली, तेव्हा त्यांचा सेनापती क्लीआर्कसने काय केलं? तोल्मिदेस नावाच्या दवंडीवाल्याकडून शांत बसायला सांगितलं आणि पुकारा केला, 'शस्त्रांत गाढव सोडणाऱ्याचं नाव सांगेल त्याला एक टॅलंट (मोठं ग्रीक वजन) चांदी.' भीतीला खोटं का होईना, कारण दिलं, तेही हसू येईल असं. सैन्य निवलं. यापुढे तुमची ती जादूची तलवार म्हणजे सुरीच.

ऋचा_पाठी
मूळ मुद्दाच राहिला. पॅन म्हणजे ऋग्वेदातला पूषा. रथाला बोकड, वाटांचा धनी, गुरांचा राखणदार. ग्रीकांनी आपल्याकडूनच नेला.

अजाननबाहू
आलं! कुठलाही धागा तीन प्रतिसादांत सप्तसिंधूला पोचतो. नेला नाही हो. भाषाशास्त्रज्ञ कॉलिट्झने 1924 मध्ये मांडलं ते दोघांचं मूळ एक असल्याचं, एकाने दुसऱ्याकडून उचलल्याचं नव्हे. आर्केडियातल्या जुन्या लेखात 'पाओनि' (पॅनला) असं चतुर्थीचं रूप मिळतं, ते 'पूषन्'शी जुळतं हा आधार. तरी ते सगळ्यांना मान्य नाही.

ऋचा_पाठी
मूळ एक म्हणजे तेच की! आपलं म्हटलं की काहींच्या पोटात दुखतं.

अजाननबाहू
पोट ठीक आहे. सहाव्या मंडलात पूषाचं काम बघा: 'पुनर्नो नष्टमाजतु', हरवलेलं हाकून परत आण. वाट चुकली की हा सापडवतो, पॅन वाट चुकवतो. पूषा खातो करंभ, म्हणजे पेजच. दातही नाहीत. घ्या खलनायक करून.

ऋचा_पाठी
व्युत्पत्तीत हरलात की दातांवर आलात. बरं, 'नेला' हा शब्द मागे. बाकी तसंच.

रानजाई
दोघांचे दात झाले असतील तर एक विचारू? 'कारण दिलं की पॅन संपला' हे कुठून आणलंत? सिरिंक्स नावाची वनदेवता त्याच्यापासून पळून बोरू झाली, दुसरी, पिटिस, पाइनचं झाड. एको या तिसरीचं तर ग्रीक लेखक लाँगसच्या गोपकथेत तिसऱ्या भागात आहे: तिच्या गाण्याचा हेवा आणि ती हाती लागेना याचा राग, म्हणून त्याने गुराखी वेडे केले. त्यांनी तिला फाडून तुकडे रानभर फेकले. तुकडे गातच राहिले. हत्यार तुमचंच, भीती आणि वेड. कारण मात्र स्पष्ट: तिने नाही म्हटलं. तुम्ही याला 'निसर्ग' म्हणून सोडून देता, कॉफीबुवा त्याला झाडांचा कैवारी करतात. त्या बायकांचं कुणाला काही नाही.

कडवट_कॉफी
याच लाँगसच्या दुसऱ्या भागात पॅन पळवून नेलेल्या नायिकेला, क्लोईला, सोडवतो, जहाजांवर भीती घालून.

रानजाई
हो, आणि म्हणूनच तो भयंकर. आज सोडवेल की फाडेल, आधी कळत नाही. जमलं तर हे लिहा. आणि मुखपृष्ठावरच्या पॅनच्या हातातली बासरी काढा. त्याच्या वाद्याला बोटांची भोकं नसतात. खालून बंद नळ्या, मेणाने जोडलेल्या, वरच्या काठावर फुंकायच्या. रोमन कवी व्हर्जिलकडे सात आहेत. जुन्या ग्रीक चित्रांत त्या बाहेरून सारख्याच उंचीच्या दिसतात, सूर आत भरलेल्या मेणाने बदलतो. मेण जास्त, सूर वर. मुलगी पळाली, त्याच्या हाती बोरू राहिले, त्याने ते कापले आणि फुंकले. प्रत्येक वेळी वाद्य वाजतं तेव्हा हे वाचकाला आठवलं पाहिजे.

अजाननबाहू
एकोचं मान्य. विसरलो नव्हतो, सोयीने गाळलं होतं, म्हणा हवं तर. 'भीतीला कारण नसतं, पॅनला असू शकतं' असं बदलतो. सैन्य आणि जळकी शहरं मात्र अजूनही बकवास.

कडवट_कॉफी
म्हणजे फक्त भाषण काढू?

रानजाई
भाषण, सैन्य आणि बासरी.