शेंगदाण्याच्या गाळपात तेलाची घट वाढली आहे. दोन लाखांत आधी काय घ्यावे?

बार्शी_गाळप
नमस्कार. बार्शी तालुक्यात आमची लहान तेलगिरणी आहे. दाणे दाबून तेल काढणारा एक एक्स्पेलर, तेल निवळण्यासाठी तीन टाक्या आणि कापडाची गाळणी एवढाच पसारा आहे. वडिलांच्या काळात करडई अधिक येत असे, आता मुख्यतः शेंगदाणा येतो. पूर्वी एक क्विंटल दाण्यामागे ४१ ते ४२ किलो स्वच्छ तेल डब्यात पडत असे; यंदा ते ३९ किलोच्या आसपास आले आहे. पेंड प्रयोगशाळेत तपासून घेतली, तर तिच्यात १०.५ टक्के तेल निघाले. माझ्यासमोर वाफेची केटली (दाबण्यापूर्वी दाणे तापवणारे भांडे), नवा वर्मसंच (एक्स्पेलरमध्ये दाणे दाबणारे मळसूत्र) आणि फिल्टर प्रेस (कापड लावलेल्या प्लेटांतून दाबाने तेल गाळणारे यंत्र) असे तीन पर्याय आहेत. खर्चाची मर्यादा दोन लाख रुपये असून कर्ज काढायचे नाही. यांपैकी आधी काय घ्यावे?

खानदेशी_तेली
दादा, जुन्या यंत्राला ठिगळे लावण्यात अर्थ नाही. आम्ही तीन वर्षांपूर्वी केटली जोडलेला मोठा एक्स्पेलर ११ लाखांना घेतला आणि आज आमच्या पेंडेत ७ टक्क्यांहून अधिक तेल सापडत नाही. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के अनुदान मिळते, त्याची कमाल मर्यादा १० लाख आहे. ती योजना अजून चालू आहे का, याची तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी करा.

बार्शी_गाळप
आभारी आहे, परंतु ते अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेले आहे आणि कर्ज काढायचे नाही, हे मी वर लिहिले आहे.

कोपरगाव_७
आपण झिजलेले वर्म वेल्डिंगने शेवटचे कधी भरून घेतले? वर्मची धार झिजली आणि दाणे जेथे दाबले जातात त्या चेंबरच्या पट्ट्यांमधल्या फटी रुंदावल्या की दाब पडत नाही. पेंड बाहेर पडण्याची वाट अरुंद करणारा कोन कितीही आवळला तरी पेंड जाड आणि मऊच पडते. माझ्याकडे एका पोत्यातून आलेल्या खिळ्याने वर्मचा एक तुकडा उडाला होता आणि ऐन हंगामात नऊ दिवस गिरणी बंद राहिली. तेव्हापासून चाळणी आणि लोहचुंबक यांतून गेल्याशिवाय एक दाणाही हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या तोंडावरच्या पेटीत, जात नाही. माती आणि खडे हेच वर्मचे खरे शत्रू आहेत. नवा संच घेण्यापूर्वी जुना वेल्डिंगने भरून पाहा. खर्च फार कमी येतो.

वऱ्हाडी_सरकी
आमच्याकडे सरकीचे काम चालते, तरी नियम तोच आहे. दाण्यातला ओलावा बिघडला असेल तर वर्म सोन्याचा लावूनही उपयोग नाही. दाणा फार ओला असेल तर तो चेंबरमध्ये लगद्यासारखा घसरतो, आणि फार कोरडा असेल तर त्याचा भुगा होऊन तेलाबरोबर बाहेर येतो. केटलीत दाणा ८० ते ९० अंशांपर्यंत तापवून, ओलावा पाच टक्क्यांच्या आसपास आणून दाबला, म्हणजे पेशींतले तेल मोकळे होते. म्हणून केटलीच घ्यावी. मात्र ढेपेत राहिलेले तेल वाया गेले असे मानू नये. गुरे पाळणारे लोक तेलकट ढेपच मागतात आणि तिला भावही बरा देतात.

खानदेशी_तेली
हा समज घातक आहे. पेंडेतले तेल पेंडेच्या भावाने विकले जाते आणि डब्यातले तेल तेलाच्या भावाने. या दोहोंत कित्येक पटींचा फरक आहे. शिवाय तेलकट पेंड साठवणीत लवकर खवट होते. दोन गोण्या परत आल्या की तो ‘बरा भाव’ कोठे जातो, हे मी अनुभवले आहे.

वऱ्हाडी_सरकी
आमची ढेप आठ दिवसांच्या आत उचलली जाते, त्यामुळे खवटपणाचा प्रश्न आमच्याकडे उद्भवलेला नाही.

निर्मळ_तेल
मी दोन वर्षांपूर्वी एक्स्पेलर विकून लाकडी घाणा घेतला. घाण्याच्या पेंडेत तेल जास्त राहते हे खरे आहे, तरीही तेलाला मिळणारा भाव ती कसर भरून काढतो. बार्शीकर, आपणही हाच विचार करावा. केटलीत तापवलेले तेल आमचे ग्राहक हातातही घेणार नाहीत.

धुळे_रिफायनरी
घटीची खरी जागा शुद्धीकरणात असते, म्हणून माझा अनुभव लिहितो. आमच्या लहान रिफायनरीत पहिली दोन वर्षे कॉस्टिक सोडा अंदाजाने घातला जाई. तेलातली मुक्त मेदाम्ले, म्हणजे तेलात सुटी झालेली आम्ले, निघून जात, पण जादा कॉस्टिकमुळे चांगल्या तेलाचाही साबण होई आणि त्या साबणाच्या गाळात आणखी तेल अडकून जाई. पुढे एका सल्लागाराने साधा हिशोब शिकवला. मुक्त मेदाम्लांच्या टक्केवारीला ०.१४२ ने गुणले की तेलाच्या वजनाच्या किती टक्के कॉस्टिक लागेल ते कळते. म्हणजे एक टक्का मेदाम्ल असलेल्या १,००० किलो तेलाला १.४२ किलो, आणि त्यावर थोडा जादा. कॉस्टिकच्या आधी गरम पाण्याने तेलातला गोंद काढला, तर गाळात अडकणारे तेल आणखी कमी होते. तेलाचा रंग काढण्यासाठी वापरलेली माती हा आमचा दुसरा धडा. ती स्वतःबरोबर पुष्कळ तेल घेऊन जाते आणि तिचा उघडा ढीग आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतो. आमच्या आवारात तसे घडले आहे. कोणीही ती माती गोदामाजवळ साठवू नये, ही कळकळीची विनंती.

कोपरगाव_७
माहिती मोलाची आहे, पण बार्शीकर शुद्धीकरण करत नाहीत. त्यांनी वर्मच पाहावेत.

चाचणी_ताई
मी तेलाच्या प्रयोगशाळेत १९ वर्षे काम केले आहे. वरचे बहुतेक सल्ले पेंडेकडे पाहून दिलेले आहेत, म्हणून आपलेच आकडे घेऊन हिशोब मांडते. दाण्यात ४८ टक्के तेल धरू. एक क्विंटल दाण्यात ४८ किलो तेल आणि ५२ किलो इतर भाग. पेंडेत १०.५ टक्के तेल आहे, म्हणजे हे ५२ किलो पेंडेच्या ८९.५ टक्के झाले. पेंडेचे वजन ५८ किलो आणि तिच्यातले तेल ६ किलोंच्या थोडे वर. मग डब्यात सुमारे ४२ किलो तेल यायला हवे. आपल्याला ३९ मिळते. उरलेले तीन किलो पेंडेत नाहीत, हे आपल्याच चाचणीतून दिसते. गाळपात उडणारा ओलावा मी धरलेला नाही. तो धरला तर पेंडेचे वजन कमी भरेल आणि हरवलेला आकडा वाढेल. पेंड ७ टक्क्यांवर आणल्यास क्विंटलमागे आणखी सुमारे दोन किलो तेल मिळेल, त्यामुळे केटली आणि वर्म यांचा सल्ला चुकीचा नाही. मात्र आधी दाण्यातले तेल तपासा आणि टाक्यांच्या तळाचा गाळ वजन करून पाहा. तो गाळ सध्या कोठे जातो?

बार्शी_गाळप
ताई, गाळ साबणवाल्याला जातो. वजन कधी केले नव्हते.

निर्मळ_तेल
गाळ तर सर्वांचाच पडतो. माझ्याकडेही पडतो. त्याचे एवढे महत्त्व नसावे.

कोपरगाव_७
दाणे दाबताना पाच टक्के टरफल मिसळा. नुसत्या दाण्यांना चेंबरमध्ये पकड मिळत नाही, म्हणून भुगा होतो आणि गाळ वाढतो. वर्म भरून घ्यायचे विसरू नका.

खानदेशी_तेली
टरफल स्वतः तेल पिते आणि पेंडेतली प्रथिने कमी करते. पाच टक्के फार झाले.

बार्शी_गाळप
सर्वांचे मनापासून आभार. बारा दिवस मोजमाप करून आज लिहितो आहे. दाण्यात ४७ टक्के तेल निघाले, म्हणजे ताईंच्या हिशोबाने डब्यात सुमारे ४०.८ किलो यायला हवे होते. टाक्यांच्या तळाशी क्विंटलमागे साडेतीन ते चार किलो गाळ मिळाला आणि त्यात निम्म्याच्या जवळपास तेल आहे. वडील तो गाळ फडक्यात बांधून टांगून ठेवत आणि निथळलेले तेल वेगळे काढत. मनुष्यबळ कमी झाल्यावर मी ते काम बंद केले होते.

बहुतेकांनी केटली किंवा वर्म सुचवले आहेत, तरी मी जुना पण चांगल्या स्थितीतला फिल्टर प्रेस १ लाख ६० हजारांना ठरवला आहे. माझे दोन तृतीयांश काम मजुरीच्या गाळपाचे आहे, ही गोष्ट मी पहिल्या प्रश्नात लिहायला हवी होती. शेतकरी आपले दाणे आणतो आणि तेल व पेंड दोन्ही घेऊन जातो. पेंडेतले तेल त्याच्याच गोठ्यात पोहोचते. गाळातले तेल मात्र ना त्याला मिळते, ना मला त्याचा योग्य भाव येतो. तेल निवळेपर्यंत त्याला दोन दिवस थांबावे लागते आणि घरी नेलेल्या डब्याच्या तळाशी पुन्हा गाळ बसला की तो माझ्यावर संशय घेतो. आमच्या गावात हा संशय मला दोन किलो तेलापेक्षा महाग पडतो. प्रेसमधला गाळ मी त्याच दिवशी, त्याच शेतकऱ्याच्या दाण्याच्या पुढच्या खेपेत थोडा थोडा मिसळून पुन्हा दाबणार आहे. उरलेल्या रकमेतून वर्म भरून घेईन आणि हॉपरवर चुंबक बसवीन.

वऱ्हाडी_सरकी
केटलीशिवाय भुगा पडतच राहील आणि आपल्या प्रेसची कापडे दर आठवड्याला धुवावी लागतील. माझे मत कायम आहे.

चाचणी_ताई
गाळ परत मिसळताना एका वेळी दाण्याच्या पाच टक्क्यांहून अधिक घालू नका, नाहीतर चेंबरमध्ये माल घसरेल. प्रेस उघडण्यापूर्वी प्लेटांमधून दाबाची हवा फुंकून घ्या. गाळातले बरेच तेल तेथेच सुटते.

बार्शी_गाळप
ताई, त्या प्रेसबरोबर हवेचा कॉम्प्रेसर नाही. साधारण किती दाबाचा घ्यावा लागेल, ते कृपया सांगा.