छंदासाठी ड्रोन कोणता घ्यावा? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

निरंजन साठे, अ-३०४:
सर्वांना नमस्कार. माझी मुलगी ईशा हिच्या वाढदिवसानिमित्त कॅमेरा असलेला ड्रोन घेण्याचा विचार चालू आहे. तिला किल्ल्यांची छायाचित्रे काढायची आहेत. खर्चाची मर्यादा साधारण चाळीस हजार रुपये ठेवली आहे. एका संकेतस्थळावर मात्र आठ हजारांच्या आत 'फोर-के कॅमेरा, दोन बॅटऱ्या, ४५ मिनिटे उड्डाण' अशी जाहिरात दिसली, आणि एवढ्या स्वस्तात हे सर्व मिळत असेल तर पाचपट पैसे कशासाठी मोजायचे, असा प्रश्न पडला. हवेत स्थिर राहील, लवकर बिघडणार नाही आणि शिकताना भीती वाटणार नाही, एवढीच आमची अपेक्षा आहे. देशमुख काका हा छंद काही वर्षे करत आहेत, हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी अवश्य लिहावे.

श्रीकांत देशमुख, ब-७०१:
निरंजन, तुम्ही पाहिलेली जाहिरात मला नवी नाही, कारण माझा पहिला ड्रोन अगदी त्याच जातीचा होता. खोक्यावर फोर-के लिहिलेले होते, चित्र मात्र पावसाळ्यातल्या काचेतून पाहावे तसे यायचे. ते एक वेळ चालले असते. परंतु तिसऱ्या दिवशी वाऱ्याची एक झुळूक आली आणि मी रिमोटवरच्या काड्यांना हातही लावलेला नसताना तो शांतपणे सरकत सरकत शेजारच्या सोसायटीच्या गुलमोहरात जाऊन बसला. तेथील माळ्याने दोन दिवसांनी तो काढून दिला, तेव्हा त्याची दोन पाती मोडलेली होती आणि ती पाती बाजारात कोठेही मिळाली नाहीत. त्या अनुभवातून एक गोष्ट शिकलो: कॅमेऱ्याचे आकडे शेवटी वाचावेत, आणि सोडून दिल्यावर ड्रोन एका जागी थांबतो की नाही, हे सर्वांत आधी पाहावे.

तो थांबतो कसा, हे समजून घेतले की निम्म्या जाहिराती आपोआप बाद होतात. प्रत्येक ड्रोनमध्ये गायरोस्कोप आणि प्रवेगमापक हे कल आणि हालचाल ओळखणारे संवेदक असतात. ड्रोन एका बाजूला कलला की त्यांच्या नोंदींवरून ड्रोनमधला संगणक सेकंदाला शेकडो वेळा मोटरींचा वेग कमीजास्त करून त्याला आडव्या पातळीत ठेवतो. हे काम आठ हजारांच्या खेळण्यातही होते. उंची टिकवण्यासाठी हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर असतो, आणि तोही हल्ली स्वस्तात मिळतो. परंतु आडवा राहणे आणि जागेवर राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहत्या पाण्यात सोडलेली होडी अगदी सरळ उभी असते, तरीही ती प्रवाहाबरोबर जातेच. वाऱ्याबरोबर आपण वाहत चाललो आहोत, हे ड्रोनला कळायचे असेल तर त्याला बाहेरचा काहीतरी संदर्भ हवा. उंचावर तो संदर्भ जीपीएस व ग्लोनाससारख्या उपग्रहांकडून मिळतो, आणि जमिनीजवळ पोटाखालच्या लहानशा कॅमेऱ्याकडून, जो खालच्या फरशीचे किंवा गवताचे चित्र सतत ताडून पाहतो. ज्या ड्रोनमध्ये हे दोन्ही आहेत तो काड्या सोडताच खुंटीला टांगल्यासारखा थांबतो. ज्यात दोन्ही नाहीत तो चालवणे म्हणजे सतत हाताने सावरत राहणे, आणि नवशिक्याच्या अंगावर तेवढे ओझे टाकू नये.

म्हणून दुकानात जाल तेव्हा एकच चाचणी आग्रहाने करून घ्या. दुकानदाराला उघड्यावर ड्रोन दोन मीटर उंचीवर न्यायला सांगा, दोन्ही काड्यांवरचे हात काढायला लावा आणि घड्याळ लावून एक मिनिट पाहा. हातभर इकडेतिकडे झाला तर हरकत नाही. दुकानदाराला मध्येच हात घालावा लागला तर तेथून उठा.

मेघना जोशी, क-२०२:
काकांच्या म्हणण्याला एक जोड देते, कारण लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संपादन माझ्याकडे येते. ड्रोन स्थिर असला तरी चित्र स्थिर असेलच असे नाही. वाऱ्याशी झुंजताना ड्रोन स्वतः सतत कलत असतो, आणि कॅमेरा अंगालाच घट्ट बसवलेला असेल तर प्रत्येक कलण्याबरोबर क्षितिजही कलते. चांगल्या ड्रोनमध्ये कॅमेरा तीन अक्षांच्या गिंबलवर असतो. लहान मोटरी ड्रोनच्या उलट दिशेने कॅमेरा फिरवत राहतात आणि चित्र जागचे हलत नाही. काही स्वस्त ड्रोन हेच काम चित्राच्या कडा कापून सॉफ्टवेअरने करतात. ते मोबाइलवर खपून जाते, पण दूरदर्शनच्या पडद्यावर डोळ्यांना त्रास देते. जाहिरातीत केवळ 'गिंबल' असे लिहिले असेल, तर किती अक्षांचा, हे विचारावे. कॅमेरा वरखाली वळवणारी एक मोटर बसवून तिलाच गिंबल म्हणणारेही पुष्कळ आहेत.

फातिमा शेख, अ-१०३:
शाळेत आम्ही मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्यासाठी टेलो नावाचा छोटा ड्रोन वापरला होता. त्याचे वजन सुमारे ८० ग्रॅम आहे, बॅटरी १३ मिनिटांची आहे, आणि त्यात जीपीएस नाही, केवळ खाली पाहणारा कॅमेरा आहे. सभागृहात तो इतका छान थांबतो की पाचवीची मुलेही तो बिनधास्त उडवत. तोच आम्ही मैदानावर नेला, तेव्हा वाऱ्यापुढे त्याचे काही चालेना. तसेच एकदा चकचकीत, एकरंगी फरशीवर तो भरकटू लागला, कारण खाली ओळखायला काही खूणच नव्हती. आम्ही सतरंजी अंथरली आणि तो शहाण्यासारखा थांबला. ईशाला आधी घरात हात बसवायचा असेल तर असा ड्रोन पुरेसा आहे, मात्र किल्ल्यांची छायाचित्रे काढण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

निरंजन साठे, अ-३०४:
काका, मग नेमके नाव सांगाल का? शिवाय माझा मेहुणा न्यू जर्सीहून पुढच्या महिन्यात येत आहे. त्याच्याकडून आणवला तर स्वस्त पडेल का?

श्रीकांत देशमुख, ब-७०१:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कृपया आणवू नका. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने बंदी घातली आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी अपवाद आहेत, भाचीच्या वाढदिवसासाठी नाही. विमानतळावर कस्टम्सने तो अडवला तर पैसे गेले आणि मेहुण्याचा पहिला दिवसही गेला. सुटे भाग आणण्यावर ती बंदी नाही, म्हणून दुरुस्ती करणारे अजून टिकून आहेत.

माझ्याकडे २०२१ मध्ये घेतलेला, डीजेआय या कंपनीचा मिनी-२ आहे आणि माझे मत त्याच्या अनुभवावरच बेतलेले आहे. वजन २४९ ग्रॅम, तीन अक्षांचा गिंबल, उपग्रह आणि खालचे संवेदक दोन्ही, आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे सेकंदाला साडेदहा मीटरपर्यंतचा वारा, म्हणजे ताशी सुमारे ३८ किलोमीटर, तो सोसतो. उड्डाणाचा कालावधी ३१ मिनिटे असा छापलेला आहे; तो वारा नसताना आणि बॅटरी पार रिकामी करून मोजलेला असतो. मी वीस-बावीस मिनिटांचाच हिशेब धरतो. त्याच घराण्यातल्या पुढच्या मिनी-४ प्रो या ड्रोनला चहूबाजूंचे अडथळे दिसतात, तो अर्थातच महाग आहे. माझ्या ड्रोनला समोरची फांदी दिसत नाही, त्यामुळे मलाच ती पाहावी लागते, आणि शिकणाऱ्यासाठी ही सवय वाईट नाही, असे माझे हट्टी मत आहे.

मात्र आज दुकानात जे मिळते ते पूर्वीच्या साठ्यातले आहे की आडमार्गाने आलेले, हे पाहणे तुमच्यावर आले आहे. जीएसटीचे पक्के बिल मिळते का, खोक्यावरचा आणि ड्रोनवरचा क्रमांक एकच आहे का, वॉरंटी कंपनीची की फक्त दुकानदाराच्या तोंडची, आणि जास्तीची बॅटरी व पाती आत्ता, याच काउंटरवर मिळतात का, हे प्रश्न विचारा. भारतीय बनावटीचे २५० ग्रॅमच्या आतले ड्रोनही आता विकले जातात. त्यांनाही हेच प्रश्न आणि हीच एक मिनिटाची चाचणी लावा. मी तर असे म्हणेन की ज्याची पाती पुण्यात मिळत नाहीत तो ड्रोन कितीही चांगला असला तरी विश्वासू नव्हे. जुना घेणार असाल तर बॅटरी हातात घेऊन सपाट टेबलावर ठेवा. किंचित जरी फुगलेली दिसली तरी नको.

विजय पाटील, सचिव:
वजनाचा उल्लेख वारंवार येत आहे, त्याचे कारण सर्वांसाठी स्पष्ट करावे. तसेच सोसायटीच्या गच्चीवरून उड्डाण करण्यास परवानगी मागणारे दोन अर्ज माझ्याकडे आले आहेत, त्याविषयीही आपले मत हवे आहे.

श्रीकांत देशमुख, ब-७०१:
पाटील साहेब, ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' ठरतो आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो'. नॅनोसाठी पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही आणि तृतीय पक्ष विम्याची सक्तीही नाही. मायक्रो केवळ छंदासाठी उडवला तर प्रमाणपत्रातून सूट आहे, विम्यातून नाही. म्हणून कंपन्या २४९ ग्रॅमवर अडून बसल्या आहेत. यातली एक गंमत लक्षात ठेवावी: मिनी-४ प्रोला मिळणारी मोठी बॅटरी बसवली की तोच ड्रोन २५० ग्रॅमच्या वर जातो. पात्यांभोवतीचे संरक्षक कडेही तेच करते. मी माझा ड्रोन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिला आहे.

वजन कमी म्हणून कोठेही उडवता येतो, असा मात्र गैरसमज नको. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या संकेतस्थळावरच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग आहेत. हिरव्या विभागात जमिनीपासून १२० मीटरपर्यंत मुभा आहे, परंतु विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरवर येते आणि ५ ते ८ किलोमीटरमध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. आपल्या शहरात लोहगावचा हवाईदलाचा तळ आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे, आणि पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात ते निराळेच. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. ईशाच्या किल्ल्यांबद्दलही सांगून ठेवतो: रायगड, शिवनेरी, लोहगड ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारके आहेत, तेथे पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन काढू नये.

मेघना जोशी, क-२०२:
गच्चीबद्दल मी विरोधात आहे. पहिले कारण उघड आहे: आपल्या बाल्कन्या आणि शयनगृहांच्या खिडक्या कोणाच्या तरी पडद्यावर दिसाव्यात, हे कोणालाच रुचणार नाही. दुसरे कारण माझ्या अंगावर आलेले आहे. एका कार्यक्रमात मी मंगल कार्यालयाच्या स्लॅबवरून, पाण्याच्या टाकीशेजारून ड्रोन उडवला. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे ड्रोनमधले होकायंत्र चुकले, आणि थांबण्याऐवजी तो घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरू लागला. प्रत्येक फेरीत वर्तुळ मोठे होत होते. यंत्र उत्तम होते, जागा मी चुकीची निवडली होती.

श्रीकांत देशमुख, ब-७०१:
मेघनाताईंशी पूर्ण सहमत आहे. उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून येतात, तेव्हाही जागेचा अंदाज चुकतो. शिवाय आपल्या टाकीवर घारींची जोडी बसते; त्यांना घरट्याजवळ घोंगावणारा ड्रोन मुळीच खपत नाही. संक्रांतीच्या आसपास मांजाची भर पडते, त्या दिवसांत मी ड्रोन कपाटातून बाहेरच काढत नाही.

आणखी एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. संपर्क तुटला तर ड्रोन आपोआप उडालेल्या जागी परत येतो, पण तो आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतो आणि मग सरळ रेषेत येतो. ती उंची वीस मीटर ठेवलेली असेल आणि मध्ये आपली अकरा मजली इमारत असेल, तर तो प्रामाणिकपणे भिंतीवर येऊन आदळेल. म्हणून प्रत्येक नव्या जागी, भोवतालचे सर्वांत उंच झाड किंवा इमारत पाहून, ती उंची बदलावी. उपग्रह पुरेसे मिळून परतीची जागा नोंदली गेल्याशिवाय जमीन सोडू नये. आणि जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तो तोंडावर असतो, त्यामुळे बॅटरी चाळीस टक्क्यांवर आली की मी परत फिरवतो. घरी ठेवताना बॅटरी पूर्ण भरलेली ठेवू नये, निम्म्यावर ठेवावी. माझ्या तीनही बॅटऱ्या त्यामुळेच अजून सपाट आहेत.

विजय पाटील, सचिव:
गच्चीचे दोन्ही अर्ज नामंजूर करण्याची शिफारस मी समितीपुढे ठेवतो.

फातिमा शेख, अ-१०३:
निरंजनभाऊ, शाळेचा टेलो सध्या माझ्या घरीच आहे. ईशाला दोन आठवडे वापरायला देते. आमच्या दिवाणखान्यात सतरंजी आहे.

निरंजन साठे, अ-३०४:
फातिमाताई, मनापासून आभार. आठ हजारांचा विचार सोडला आहे आणि मेहुण्यालाही तसे कळवले. काका, खरेदीपूर्वी तुमचा मिनी-२ एकदा प्रत्यक्ष उडताना पाहता येईल का?

श्रीकांत देशमुख, ब-७०१:
अवश्य. पौडच्या पुढे माझ्या मित्राचे शेत आहे, नकाशावर तो भाग हिरवा आहे का, ते निघण्याआधी पुन्हा पाहतो. रविवारी सकाळी सातला निघू. दहानंतर तेथे वारा वाढतो.

निरंजन साठे, अ-३०४:
सात वाजता फाटकापाशी गाडी घेऊन थांबतो. ईशा स्टॉपवॉच आणणार आहे. एक मिनिटाची ती चाचणी काकांच्या ड्रोनलाही द्यावी लागेल, असे तिने मला बजावून सांगितले आहे.