मदत हवी आहे: कॅन्सरचा शेक (रेडिएशन) सुरू व्हायचा आहे, नवस, उपास, वैदूची पुडी यातलं काय चालेल?

दारव्हेकर:
काकाजी, वय ५४, वजन ४८ किलो. खर्‍याची (तंबाखू-सुपारीची) सवय, डाव्या गालाचा कॅन्सर. ऑपरेशनला चार आठवडे झाले, जखम भरली. आता ३० शेक आणि आठवड्याला एक सिस्प्लॅटिन (केमोचं औषध) सांगितलं आहे. घरचे म्हणतात, आधी शेगावची पायी वारी, मग शेक. श्रावण सोमवार निर्जळ. वैदूची पुडी सोबत चालू. कोणी सांगितलं की सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध निघतं, म्हणून तिच्या पानांचा रसही द्यायचा आहे. काकाजी माळकरी, तुळशीची माळ काढायला तयार नाहीत. त्यांची श्रद्धा दुखवायची नाही आणि उपचारही चुकू द्यायचा नाही. जाणकारांनी नेमकं सांगावं.

वर्धेकर:
भाऊ, आधी तारीख पाहा. ऑपरेशननंतर शेक सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. तुमच्याकडे दोनच आठवडे उरले, आणि मास्क (शेकताना डोकं-मान हलू नये म्हणून चेहर्‍यावर बसवायचा साचा), सिटी स्कॅन, प्लॅनिंग यातच त्यातले बरेच दिवस जातील. किडके दात असतील तर तेही आताच काढावे लागतात, जखम भरायला दहा ते चौदा दिवस लागतात. शेकानंतर दात उपटला तर जबड्याचं हाड सडू शकतं. म्हणून दंतवैद्य उद्याच गाठा.

वारी शेक संपून तोंडातल्या जखमा भरून आल्यावर करा. नवसाला मुदत नसते, शेकाला असते. शेक सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. मधे खंड पडला तर कॅन्सरच्या उरलेल्या पेशी वाढत राहतात. एकेका दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने घटते. सण आला म्हणून दोन दिवस गावी राहणं इथे फार महागात पडतं.

निर्जळ मात्र अजिबात नको. सिस्प्लॅटिन लघवीवाटे बाहेर पडताना मूत्रपिंडाला इजा करतं, म्हणून तर आधी आणि नंतर सलाईन लावतात. घरी रोज दोन-अडीच लिटर पाणी पोटात जायला हवं. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. पाणी तुटलं की क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) चढतं आणि पुढचा डोस अडतो. सोमवार काकूंनी त्यांच्या नावाने धरावा, तशी रीत आहेच. काकाजींना एकवेळ फराळ करायचाच असेल तर साबुदाण्यावर भागवू नका, त्यात प्रथिनं जवळपास नाहीत. ४८ किलोच्या माणसाला या काळात दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं लागतात. दूध-राजगिर्‍याची पातळ खीर, पनीर कुस्करून, दाण्याचं कूट अगदी बारीक करून. दुसर्‍या-तिसर्‍या आठवड्यात तोंडात फोड येतात, तेव्हा तिखट आणि खरखरीत बंद. वजन दर आठवड्याला करा; फार उतरलं की मास्क सैल होतो आणि प्लॅनिंग पुन्हा करावं लागतं.

पुसदची फार्मसीवाली:
सदाफुलीबद्दल ऐकलेलं खरं आहे, पण अर्धंच. तिची पानं लोक मधुमेहावर वापरत. कॅनडात नोबल आणि बीअर या संशोधकांनी ते तपासलं. उंदरांची साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढर्‍या पेशी उतरल्या. त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध पुढे आलं. म्हणजे लोकांच्या समजुतीने वाट दाखवली, पण औषध हाती आलं ते मोजमापाने. तिच्यातलंच व्हिंक्रिस्टिन एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमपर्यंतच, तेही शिरेतून देतात, आणि मुख्यतः रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या कॅन्सरला. रसात किती उतरलं हे कोणालाच कळत नाही. गालाच्या कॅन्सरवर त्याचा उपयोग नाही, उलट सिस्प्लॅटिनसोबत पांढर्‍या पेशी आणखी घसरू शकतात. नकोच.

पुडी बंद करा आणि पाकिटासकट डॉक्टरांना दाखवा. अशा चूर्णांत शिसं, पारा, आर्सेनिक सापडलेलं आहे. गुळवेलीने यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हेही घरच्यांना सांगा.

दारव्हेकर:
ताई, भाऊ, आभार. तीर्थ-प्रसाद आणि माळेचं काय? घरच्यांना पटवायचं कसं?

वर्धेकर:
माळ मास्क बनवायच्या आधीच सोडवायला हवी. शेक मानेवरही पडतो. मणी मधे आले तर त्यांच्याखालच्या कातडीला जास्त मात्रा बसते, आणि पुढे सोललेल्या कातडीवर ते घासतात. मनगटाला गुंडाळता येते. तुमच्या महाराजांना काकाजींसमोरच विचारा, ते होकार देतील तर काकाजी ऐकतील. ताईत असेल तर तोही गळ्यातून काढा. अंगारा कपाळाला लावा, गालाला-मानेला नको, पोटात तर मुळीच नको. कच्च्या दुधाचं पंचामृत आणि विहिरीच्या पाण्याचं तीर्थ टाळा. उकळून गार केलेल्या पाण्यात तुळशीपत्र टाकून घरीच करा, पान गिळू देऊ नका. घरचा ताजा मऊ शिरा चालेल.

पटवायला एक गोष्ट सांगा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनाच कॅन्सर झाला होता, मुंबईत त्यांनी उपचार घेतले, १९६८ मध्ये मोझरीला देह ठेवला. नागपूरच्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाला त्यांचंच नाव आहे. भजन, प्रार्थना, पोथी रोज होऊ द्या, शेकाच्या रांगेतही होऊ द्या. त्याने पेशी मरत नाहीत, पण सहा आठवडे रोज उठून जायला बळ येतं, आणि तेच इथे सगळ्यात आधी तुटतं.

घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. गाडी कोणाची, नंबर काय, हे आजच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. आणि दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे (सरकारी योजनेचं काम पाहणारा माणूस) रेशनकार्ड, आधार देऊन जन आरोग्य योजनेची मंजुरी शेकाच्या आधी घ्या.