मदत हवी आहे: लो कार्बमध्ये खोबरेल तेल कसं आणि किती?

भात-पोळी बंद केलीये पण संध्याकाळी पोटात कावळे ओरडतात आणि सगळे म्हणतात फॅट वाढव. तूप चालतंय, पण कॉफीत खोबरेल ढवळलं तर वर नुसता तवंग येतो आणि मग पोटात गुडगुड, बाथरूमकडे पळापळ! सासर मालवणचं, त्यामुळे घाण्याचं तेल घरात असतंच. एका टेबलस्पूनमध्ये साधारण १२० कॅलरी आणि बहुतेक सगळं सॅच्युरेटेड फॅट, म्हणून एलडीएलची, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलची, धास्ती वाटते (आईला कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे). कोणी रोज घेतंय का, आधीचे-नंतरचे रिपोर्ट कसे आले? की सरळ ओलं खोबरं, शेंगदाणे, बांगडा यावरच भागवू? आणि फोडणीला वापरलं तर मुलं वासाने नाक मुरडतात, त्यावर काही युक्ती असेल तर तीही सांगा प्लीज.