मुलगी परत आली पण माझी झोप गेली, बांबोळीला दाखवू का?

डिचोलीची_आई
नमस्कार, नाव सांगत नाही. नवरा सोरो (दारू) पिऊन मारायचा, एकदा मध्ये पडलेल्या मुलीला पण लागलं. शाळेतल्या बाईंनी हातावरचे वळ बघितले आणि १०९८ वर (मुलांची हेल्पलाइन) फोन गेला. सात वर्षांची आहे, अडीच महिने संस्थेत होती, चवथ (गणेश चतुर्थी) पण तिथेच झाली. आता मी माहेरी आलेय आणि बाल कल्याण समितीने तिला माझ्याकडे दिलंय, मॅडम अधूनमधून घरी बघायला येतात. सगळं बरं व्हायला हवं ना? पण तिला न्यायला ते लोक आले तेव्हा सकाळची वेळ होती, पोदेर (पाववाला) दारात होता, त्यामुळे आता रोज पोदेराचा हॉर्न वाजला की छातीत धडधडतं, हातातलं भांडं पडतं. रात्री तीन-चारदा उठून ती आहे ना ते चाचपून बघते. आयपीएचबीत (बांबोळीचं मानसिक उपचारांचं हॉस्पिटल) जायचं म्हटलं तर भाऊ म्हणतो तिथला केसपेपर झाला की वेडी ठरवून पोरगी परत नेतील. खरंच असं होतं का?

म्हापशेकर७४
ताई, माझ्या बहिणीचं असंच झालेलं. मॅडम येणार म्हटलं की आदल्या रात्री घर धुवून काढायची आणि त्या आल्या की तोंडातून शब्द नाही, त्यांना वाटलं ही काहीतरी लपवतेय. घाबरल्यामुळे होतंय हे आम्हाला पण उशिराच कळलं. तुम्ही थांबू नका.

जुनी_समुपदेशक
बाय, मी या कामात बरीच वर्षं काढली म्हणून सांगते. नुसते उपचार घेतले म्हणून कोणी मूल काढून घेत नाही. आईला मूल सांभाळता येतं का आणि घर सुरक्षित आहे का, हे समिती बघते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातच लिहिलंय की संस्था हा शेवटचा उपाय, मूल आपल्या घरी परत जावं हाच उद्देश. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे, थोडे अपवाद सोडले तर. उलट तू स्वतःहून डॉक्टरकडे गेलीस हे तुझ्याच बाजूने बोलतं. तुला जे होतंय तो आघाताचा परिणाम आहे, मार पण तूच खाल्लास आणि मुलीची ताटातूट पण तूच सोसलीस, त्यात वेडबीड काही नाही. रात्री फारच घाबरायला झालं तर १४४१६ टेली मानस ही मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू असतं, फुकट. आणि समितीपुढे बोलायला भीती वाटते तर विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील माग, बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत मिळतो.

डिचोलीची_आई
वाचून रडले. मंगळवारी जाते, आईला सोबत नेते. पण मुलीला काय सांगू? मी चप्पल घातली तरी ती माझा पदर धरते.

जुनी_समुपदेशक
खरं तेच सांग, डॉक्टरकडे जाते आणि दुपारच्या बसने येते. गुपचूप निघू नकोस, तुझी ओढणी नाहीतर रुमाल काहीतरी तिच्याकडे ठेवायला दे. आणि सांगितलेल्या वेळेला ये, बस चुकली तर फोन करून तिच्याशी बोल.